पहिली भाकर

शेवंताबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी वर बघायच्या. कुणी बसा म्हणायच्या आत, पाण्याचा तांब्या यायच्या आत, चपला दारात निघतात न निघतात तोच त्यांची मान वर. लोकांना वाटायचं, बाई भूकंपाला फार भ्यालेली आहे. किल्लारीच्या पट्ट्यात असं वाटण्यात चमत्कारिक काहीच नाही. छताकडं बघून मगच बसणारी माणसं तिथं अजूनही आहेत. पण शेवंताबाई बघायच्या ती काजळी. चुलीच्या वरच जमलीय की दारापर्यंत पसरलीय, जुनी आहे की ताजी, एवढं पाहून झालं की त्या घरच्या बाईकडं वळायच्या आणि विचारायच्या, "खोकला सकाळचा जास्ती येतो का रातचा?"

खोकला येतो का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा त्याबद्दल छेडलं तर म्हणाल्या, "बाई सांगत न्हाई, सासू सांगू देत न्हाई. वरच्या काजळीला काय कुनाची भीती?"

आमची संस्था निलंग्याला, बसस्टँडच्या मागं दोन खोल्यांत होती. खेड्यात चालतील, खेड्यात दुरुस्त होतील अशी अवजारं आणि साधनं करायची आणि ती गावोगाव रुजवायची, हे आमचं काम. हातानं ढकलायचं कोळपं, शेंगा फोडायचं यंत्र आणि बिनधुराची चूल. मी नांदेडहून डिप्लोमा घेऊन तिथं रुजू झाले तेव्हा शेवंताबाई आधीपासून होत्या. मी कागदावर चुली काढायची, त्या मातीच्या घालायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव इंजिनेरीण ठेवलं. आधी ते चिडवण्यासाठी होतं, पुढं सवयीचं झालं. मी त्यांना मावशी म्हणायची.

बुटक्या, रुंद बांध्याच्या, पदर कमरेला खोचलेला, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका गावातलं. त्यांच्या आईचे डोळे धुरानं गेले आणि मग जीवही धुरानंच गेला. शेवटी शेवटी ती माऊली बसल्या जागी माशासारखी तोंड उघडून श्वास ओढायची, हे मावशी भाकरी थापता थापता, आवाज न बदलता सांगायच्या. शिक्षण किती, म्हणून कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं. "बाबासायबानं शिका म्हनलं. म्या सातवीपर्यंत ऐकलं, फुडं बापानं ऐकू दिलं न्हाई."

साहेबलोकांचा त्या मान ठेवत, पण वेळ आली की ठेवतही नसत. नायगावला एकदा चुलीचा मोठा कार्यक्रम होता. मांडव घातलेला, मंचावर आमची नमुन्याची चूल, तिला झेंडूचा हार, पुढं नारळ. पाहुण्यांची भाषणं संपेनात. धुराचे तोटे, आरोग्य, महिलांचं सबलीकरण सगळं झालं. शेवटी शेवंताबाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं. त्या माइकपर्यंत गेल्याच नाहीत. चुलीपुढं बसल्या, हार बाजूला सारला आणि ओल्या तुराट्या घालून चूल पेटवली. नमुन्याच्या चुलीला धुराडं जोडलेलं नव्हतं. बघता बघता मांडव धुरानं भरला. पुढच्या रांगेतले सगळे रुमाल तोंडाला लावून बाहेर पळाले. शेवंताबाई तिथंच बसून खोकत म्हणाल्या, "हे आसं रोज दोन टाइम. आता कळलं का सायेब?" त्या दिवशी आम्हाला जेवायला कुणी विचारलं नाही. जीपमध्ये बसून आम्ही दोघी शेंगदाणे खात परत आलो, आणि मी हसून हसून बेजार झाले.

चूल कशी असावी यावरून मात्र त्यांचं आणि वरून आलेल्या नकाशांचं कधी जमलं नाही. नकाशातल्या चुलीचं तोंड लहान. जळण वाचायचं, पण भाकरी शेकायला जागा नाही. ज्वारीची भाकरी तव्यावर अर्धीच होते. ती फुगते चुलीच्या तोंडाशी, ओढलेल्या आराला, निखाऱ्यांना टेकवून. शेवंताबाईंनी चुलीचं तोंड मोठं केलं आणि पुढं मातीचा एक रुंद ओठ काढला. त्यामुळं जळण थोडं जास्त लागायचं हे खरं. तसं म्हणणारे साहेबही चूक नव्हते. पण नकाशातल्या चुली बायांनी आठ दिवसांत फोडून टाकल्या, आणि मावशींच्या राहिल्या. पुढं मी नकाशातही तो ओठ काढायला लागले.

त्यांचा एक नियम होता. चूल घालून झाली, वाळली, धुराडं बसलं, तरी ती चूल झाली असं त्या म्हणायच्या नाहीत. आठ-दहा दिवसांनी परत जायचं, घरच्या बाईनं चूल पेटवायची, पहिली भाकर करायची आणि ती शेवंताबाईंनी खायची. उलटीपालटी करून पाठ बघायची, कड मोडून बघायची, नाकाशी धरायची. कुठं कच्ची, कुठं करपली, यावरून आत जाळ कसा फिरतो हे त्यांना कळे. मग मीठ-मिरचीबरोबर खायची आणि म्हणायचं, "हां, पक्की झाली." तोवर ती चूल कच्ची.

या नियमानं चुलीची परीक्षा व्हायची तशी घराचीही व्हायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गावात शिरलं की आधी आडनाव विचारतात. माझं आडनाव सांगितलं की मला आत बसवत. त्या कांबळे म्हणाल्या की माणसं लगेच चुलीचं बोलायला लागत. मातीत हात घालायला, चुलीपुढं दोन दिवस बसून ती घालायला कुणाची ना नसायची. प्रश्न भाकरीचा यायचा. पुष्कळ घरांत बाया आनंदानं ताट वाढत, शेजारी बसून जेवत. काही घरांत भाकर कागदाच्या ताटलीत यायची. शेवंताबाई ती खायच्या आणि ताटली चुलीत घालायच्या. "जळन बेस हाय," म्हणायच्या. वाढणारीचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

आता ज्या घराबद्दल सांगायचं आहे त्या गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. सरळ रस्ते, ओळीनं घरं, डोक्यावर स्लॅब. जुन्या, लाकूड-मातीच्या माळवदाच्या घरांत धूर जायला वर सवणं, छतातलं भोक, असायचं. या घरांत ते नव्हतं. धूर कोंडून राहायचा. त्या घरची सून कालिंदा, नुकती बाळंत झालेली. लेकरू चुलीजवळ झोळीत, आणि दोघांनाही खोकला. शेवंताबाईंनी वर बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मला एवढंच म्हणाल्या, "हितं लवकर करावं लागतंय."

सासूला सगळं गाव आक्का म्हणायचं. घरची जमीन, घरात शब्द त्यांचा. चुलीला त्या तयार झाल्या, पण धुराड्याचा पाइप स्लॅबमधून वर काढायचा म्हटल्यावर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वर भोक पाडायचं न्हाई. येकदा वरचं खाली आलेलं बघितलंय म्या."

आक्कांचं धाकटं लेकरू भूकंपात जुन्या घरात माळवदाखाली गेलं होतं. एका पाइपाच्या भोकानं स्लॅबला काही होत नाही, हे मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर शेवंताबाईंनी माझा हात दाबला. भांडखोर बाई, पण तिथं भांडली नाही. बाहेर जाऊन भिंत बघून आली आणि म्हणाली, भिंतीतून काढू. भिंतीतून काढायचं म्हणजे पाइपाला काटकोनात वळण द्यावं लागणार, आणि वळणावर काजळी साचून पाइप तुंबणार. हे मला माहीत होतं तसं त्यांनाही होतं. मी परतीच्या वाटेवर बोललेच. त्या म्हणाल्या, "बसू दे काजळी. काढायला म्या हाय की."

दहा दिवसांनी गेलो. चूल सुरेख ओढत होती. घरात धूर नाही, लेकरू झोळीत शांत. कालिंदानं पहिली भाकर थापली, शेकली, टम्म फुगली. तिनं ती ताटात काढली आणि शेवंताबाईंकडं वळली. आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या.

"पहिली भाकर गायीची," त्या म्हणाल्या.

कालिंदा मागच्या दारानं गोठ्यात गेली, गायीला भाकर घालून आली. शेवंताबाई हसून म्हणाल्या, "बरं. गायीची झाली. मंग मला दुसरी द्या." आक्का चुलीकडं बघत राहिल्या. हो नाही, की नाही नाही. कालिंदाचे हात पिठात थांबले. तव्यावरची दुसरी भाकर करपून तिचा वास सुटला तरी कुणी हललं नाही. मग शेवंताबाई उठल्या, मागं जाऊन हात धुतले आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मला आतल्या खोलीत पाट मांडला होता, मी जेवले नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, त्या बाहेर जीपमध्ये बसल्या होत्या इतकंच.

जीप निघाली. किल्लारीचा साखर कारखाना मागं पडल्यावर म्हणाल्या, "गाय बरी. तिला कुनी आडनाव इचारत न्हाई." आणि मग, "ती चूल कच्ची हाय, इंजिनेरीण. ध्यानात ठेव."

चूल कच्ची नव्हती. त्या भागातली सगळ्यात चांगली चूल होती ती. पण पुढं कितीतरी वर्षं त्या रस्त्यानं जाताना त्या खिडकीतून बोट दाखवून म्हणायच्या, "कच्ची हाय बघ." मला वाटायचं चेष्टा करतायत. नंतर कळलं, चेष्टा नव्हती. शेकडो घरांत त्यांनी भाकर खाल्ली असेल, पण जीव अडकला होता या एका भाकरीत. मला त्याचा राग यायचा. एकदा म्हटलंही की मावशी, सोडा आता त्या घराचा नाद. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

आणि नाद त्यांनी सोडला नाही तो नाहीच. दर दोन-तीन महिन्यांनी त्या घरी जायच्या, कधी संस्थेच्या जीपनं, कधी रजा टाकून एसटीनं. बाहेरच्या भिंतीला शिडी लावायची, वळण उघडायचं, काजळी काढायची, परत बसवायचं. घरातल्या पुरुषांना ते काम आज करू, उद्या करू असं व्हायचं. कालिंदाला त्यांनी सगळं शिकवलं होतं, पण ती भिंत रस्त्याच्या बाजूची. त्या घरच्या सुनेनं गावासमोर शिडीवर चढायचं, हे आक्कांना कधी मंजूर झालं नसतं. काम झालं की आक्का चहा पाठवायच्या, मोरीजवळच्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. शेवंताबाई म्हणायच्या, "म्या च्या पीत न्हाई, आक्का." निलंग्याला पोचल्यावर स्टँडवर लागोपाठ दोन कप प्यायच्या.

मग दिवस फिरले. गावोगाव गॅस आला, आमच्या कामाला मिळणारी मदत आटली. संस्थेच्या दोन खोल्यांची एक झाली आणि मग तीही बंद झाली. चुलींचे साचे कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये पडले ते पडलेच. मी लातूरला दुसरी नोकरी धरली. गॅसनं धूर गेला असता तर शेवंताबाई सगळ्यात आधी नाचल्या असत्या. पण गॅस चहाला आणि पाहुण्यांना. भाकरीला, अंघोळीच्या पाण्याला चूल होतीच, आणि आता ती पुन्हा तीन दगडांची. काही घरांत मावशींच्या चुलीवर फळी टाकून गॅसची शेगडी मांडलेली मी पाहिली आहे. त्यांनीही पाहिली. एका घरातून बाहेर पडताना म्हणाल्या, "चांगला कट्टा झाला की माज्या चुलीचा." ते ऐकून मला रडू आलं होतं.

त्यांची छाती तोवर गेलेलीच होती. लहानपणचा आईच्या चुलीचा धूर, आणि मग हजार घरच्या कच्च्या चुली पेटवून बघणं. स्वतःच्या घरी निलंग्याला त्यांनी बिनधुराची चूल कधी घातलीच नाही. मी बोलले की म्हणायच्या, "येकटीच्या येका भाकरीला काय धुराडं?" जिना चढताना थांबायला लागल्या, मग सपाटीवरही थांबायला लागल्या. त्यांची लेक संगीता त्यांना लातूरला घेऊन आली. शिडी चढणं संपलं. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि शेवटी तर खाटच.

मी रोज संध्याकाळी संगीताकडं जायची. एके दिवशी दुपारीच गेले होते तर दारात कालिंदा उभी. हातात पिशवी, तेव्हाचं झोळीतलं लेकरू आता चांगलं शाळकरी होऊन शेजारी उभं. घरी सांगून आली होती की पोराला डॉक्टरला दाखवायचंय. तिनं पिशवीतून आधी एक जुनं लुगडं काढलं, त्याच्या आतून फडकं, आणि फडक्यातून भाकर.

"मावशी, पहिली हाय," ती म्हणाली. "सकाळी कुनाला दिली न्हाई."

शेवंताबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. संगीता ओरडली, पण तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. भाकर दोन्ही हातांत घेतली. उलटी करून पाठ बघितली. कड मोडली. मग नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिल्या. इतक्या वर्षांनी ती भाकर हातात आली होती. मला वाटलं, आता म्हणतील, पक्की झाली.

"धूर लागलाय गं हिला," त्या म्हणाल्या. एकेका शब्दाला दम लागत होता. "वळनावर तुंबलंय. किती दिस झालं?"

कालिंदाला रडू फुटलं. "तुमी यायचं बंद झालं तवापासून."

"घरात कोंडतो का?"

"हाव."

"खोकला?"

कालिंदानं पोराला पुढं केलं. शेवंताबाईंनी त्या पोराच्या छातीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग भाकर फडक्यात परत गुंडाळली आणि कालिंदाच्या हातात दिली. "ही चालत न्हाई. पाइप साफ झाला की नवी कर. मंग खाईन." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "इंजिनेरीण, तू जा."

मी जाते म्हणाले. कालिंदा भाकर उशाशी ठेवून गेली. संध्याकाळी संगीतानं आणि मी ती वाटून खाल्ली. धुराचा वास होताच. त्याच आठवड्यात, मला सुट्टी मिळायच्या आत, शेवंताबाई गेल्या.

पुण्यानुमोदनाला गावोगावच्या बाया आल्या होत्या. जीपनं, एसटीनं, कुणी भावाच्या मोटारसायकलवर. भंतेजींचं बोलणं ऐकत ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्याअधिक खोकत होत्या. तो आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही. बाई आयुष्यभर धुराशी भांडली आणि धूर जिंकला, याखेरीज मला दुसरं काही तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गावी गेले. निरोप मिळाल्यावर कालिंदानं शेजाऱ्यांची शिडी आणून ठेवली होती. वर चढून वळण उघडलं तर भसकन काजळी अंगावर आली. पाइप जवळजवळ पुरता बुजला होता. रस्त्यावर बाया थांबून बघत होत्या. पाइप ठोकल्याचा आवाज ऐकून आक्का आतून बाहेर आल्या. त्यांचे डोळे आता गेल्यात जमा होते. भिंत चाचपत उभ्या राहिल्या आणि शिडीच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "शेवंता, आलीस का?"

मी ठोकायची थांबले. कालिंदा म्हणाली, "शेवंतामावशी गेल्या, आक्का."

आक्का भिंत धरून मागं वळल्या. आत जाऊन उंबऱ्यात, त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. मी हातपाय धुऊन आत आले तेव्हा कालिंदानं चूल पेटवली होती. जाळ आत ओढला जाऊन सरळ पाइपाच्या वाटेला लागला. धूर म्हणून नव्हता. तिनं पीठ मळलं, भाकर थापली, तव्यावर टाकून वर पाणी फिरवलं, मग त्या रुंद ओठावर आर ओढून टेकवली. टम्म फुगली. मी पाठ बघितली. कुठं कच्ची नव्हती, कुठं करपली नव्हती.

कालिंदा भाकर घेऊन उठली आणि सवयीनं मागच्या दाराकडं निघाली. दारात थांबली. गाय विकून दोन महिने झाले होते; गोठ्यात मोटारसायकल उभी होती. ती परत वळली. माझ्याकडं बघितलं. माझा हात पुढं होईना.

"पहिली हाय का?" आक्कांनी विचारलं.

"हाव."

आक्कांनी चुलीच्या दिशेनं तोंड केलं. मग म्हणाल्या, "ती शेवंताची हाय."

कालिंदा भाकर हातात धरून उभी राहिली. कुठं ठेवू, असं तिनं विचारलं नाही. भाकर हळूहळू बसत गेली आणि निवली.